बिनचावी यंत्रणेस अनावृत पत्र

रा. रा. बिनचावी यंत्रणासाहेब, सर्वाधिकारी, इंजिन, हँडल व टाकीचे झाकण खाते, मुक्काम माझ्या सदऱ्याचा वरचा खिसा, यांचे सेवेशी



अहमदपूर, जिल्हा लातूर येथील एका दुचाकीधारकाने हे पत्र चारचौघांत वाचले जाईल अशा रीतीने लिहिण्याचे कारण इतकेच की, आपला अखंड वास माझ्या हृदयापासून दोन बोटांवर असूनही आपल्याशी चार शब्द बोलण्याचा मार्ग आपण ठेवलेला नाही. आमच्या तालुक्याला अधिकाऱ्यांची सवय आहे. निजामी अमलात तो बिदर जिल्ह्यात होता, 1956 साली उस्मानाबादेत गेला, 1982 साली लातूरच्या ताब्यात आला. अंमल बदलले, उर्दू दफ्तरे जाऊन मराठी आली, परंतु अर्ज नामंजूर करायचा तर कागदाच्या कडेला, कसा का होईना, एक शेरा मारायचा, हा कचेरीचा शिरस्ता राहिला, आणि तो शेरा हाती घेऊन गरीब रयतसुद्धा वरच्या कचेरीत अपिलाला जाऊ शकली. आपण नकार देता आणि कारण नमूद करीत नाही. आपल्याविरुद्ध तक्रार आहे ती एवढीच.

गेल्या वैशाखात शिरूर ताजबंदच्या अलीकडे एका पंपावर जो प्रसंग गुदरला त्याची आपल्या दफ्तरी नोंद नसावी, म्हणून हकीकत सादर करतो. दुपारचा एक वाजलेला, डांबर पायाखाली मऊ झालेले, टाकी तळाला गेलेली. मी यथाविधी बटण दाबले. झाकणाच्या पोटातून 'कट्' असा स्वच्छ आवाज आला, पण झाकण जागचे हलले नाही. पुन्हा दाबले, पुन्हा आवाज, पुन्हा तेच. नळी हातात धरून उभा असलेला पोरगा म्हणाला, "काका, उघडा की, मागं लाईन लागलीय." मी आपल्याला खिशातून काढून झाकणासमोर धरले, मोबाइल दूर ठेवला, बाकीच्या किल्ल्यांचा जुडगा वेगळा केला, थोडक्यात मर्जी संपादनाचे सारे उपचार केले. अखेर मागच्या फटफटीवरचा एक शेतकरी उतरला, त्याने तळहाताने झाकण खाली दाबून धरले आणि "आता दाबा" म्हणाला. तत्क्षणी 'हुस्स' करून वाफ सुटली आणि झाकण उघडले. पेट्रोल माझे, गाडी माझी, आणि परवानगी मिळाली ती एका अनोळखी गृहस्थाच्या जामिनावर!

पुढे रीतसर चौकशी व्हावी म्हणून गाडी अधिकृत सेवा केंद्रात नेली. केंद्राचे नाव लिहीत नाही. तेथे गाडीला स्कॅनर जोडण्यात आला, पडद्यावर एकही दोष उमटला नाही, आणि दोष सापडला नाही या एकमेव पुराव्याच्या आधारे किल्ली, तिचे उत्तर ऐकणारी पेटी व झाकणाचे कुलूप असा संपूर्ण संच बदलण्याचा निवाडा झाला. कारण यांपैकी सुटे काही मिळत नाही. चौकशीऐवजी बदली करणे हा सरकारी खात्यांचा जुना प्रघात आहे हे मी जाणतो, परंतु तेथे निदान बदलीचा खर्च अर्जदाराकडून वसूल करीत नाहीत.

शेवटी गावातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याच्यापाशी स्कॅनर नव्हता. दोन तारा जोडलेला बारा व्होल्टचा एक दिवा होता. त्याने आधी फक्त ऐकले. "आवाज येलालाय की," तो म्हणाला, "मग किल्लीचा काय दोष?" या एका वाक्यात आपली सारी कार्यपद्धती आली. गाडी 125 किलोहर्ट्झच्या मंद लहरींनी 'कोण आहे' असे पुसते. आपण तीन व्होल्टच्या नाण्याएवढ्या सेलच्या बळावर मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून सांकेतिक उत्तर देता. ते पटले तरच कुलपाच्या चिमुकल्या मोटारीला हुकूम सुटतो. सेल थकला असता, शेजारच्या मोबाइलने गोंधळ घातला असता, तर हुकूमच सुटला नसता आणि आवाजही झाला नसता. मिस्त्रीने झाकणाखालचा प्लग सोडवून त्यावर दिवा लावला आणि मला बटण दाबायला सांगितले. दाबावे आणि दिव्याने क्षणभर पेटावे. दर वेळी, न चुकता. म्हणजे आपण, आपला सेल आणि ती पेटी असे तिघेही निर्दोष. हुकूम झाला होता, अंमलबजावणी तुंबली होती.

ती का तुंबली हे त्याने टाकी उचलून दाखवले. वाफ वाहून नेणारी बारीक रबरी नळी टाकीखाली चेंगरून चपटी झाली होती. उन्हाने आत दाब चढला की झाकण वर रेटले जाई, कुलपाची जीभ त्या रेट्यात आवळून बसे, आणि बालाघाटाच्या धुळीने घट्ट झालेल्या ग्रीसमधून तिला ओढून काढण्याचे बळ त्या मोटारीत नव्हते. शेतकऱ्याच्या तळहाताने तो रेटाच तेवढा काढून घेतला होता. त्या जागी कसलाही सेन्सर नसल्यामुळे स्कॅनरला यातले काही दिसणे शक्य नव्हते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. नळी सरळ झाली, जीभ पेट्रोलने धुतली गेली आणि जेवणाच्या वेळेआधी मी घरी आलो.

आता आपण म्हणाल की निर्दोष सुटल्यावर हे पत्र कशाला? साहेब, आपण निर्दोष आहात हे आपणच सांगायला हवे होते. 'मालक ओळखला, हुकूम दिला, कुलूप हलले नाही' एवढा शेरा मीटरवर उमटला असता तर आपल्या अख्ख्या खात्याच्या बदलीचे अंदाजपत्रक माझ्या हाती पडले नसते.

टाकीच्या बाबतीत आपल्या पूर्वजांना मात्र पोच होता. कावासाकीने 2008 सालचे मॉडेल म्हणून 1400 जीटीआर ही मोठी गाडी काढली, तिच्यात खिशातली किल्ली ओळखून गाडी चालू होई. परंतु पेट्रोलच्या टाकीला साधी धातूची किल्लीच लागत असे. टाकी उघडण्याचा हक्क त्यांनी विजेच्या मर्जीवर सोपवला नव्हता. भारतात 2023 च्या जानेवारीत अ‍ॅक्टिव्हा स्मार्ट किल्ली घेऊन आली, तेव्हापासून पेट्रोलचे झाकणही दोन मीटरच्या ओळखीवर उघडू लागले आणि आपले घराणे तालुक्यापर्यंत पोचले. माझी स्वारी त्या जातीची नव्हे, पण शोरूममध्ये मीही त्याच कौतुकाने फसलो. झाकणाला किल्लीचे भोक नाही याचे तर मला त्या दिवशी सौंदर्य वाटले होते.

सबब विनंती की, पुढील गाड्यांत नकाराचा शेरा मीटरवर उमटावा, आणि तो उमटेपर्यंत टाकीच्या झाकणाला एक साधे भोक व त्यात बसणारी एक साधी किल्ली मंजूर व्हावी. बाकी इंजिन, हँडल आणि आसन यांवरील आपल्या अधिकारास अर्जदाराची हरकत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
गाडीचा कागदोपत्री मालक