अजून एक झटका

कसून झालेला बोल्ट आणखी एकदा कसून पाहावा, ही इच्छा शरीरातल्या कोणत्या ग्रंथीतून येते याचा शोध वैद्यकशास्त्राने अजून लावलेला नाही. ती मनगटात राहते आणि वयाबरोबर वाढते, एवढं माझं निरीक्षण आहे. अशी माणसं बंद झालेल्या नळालाही वर पाव फेरा देतात. नळाचं वायसर चेचून तो गळायला लागला की मग नळाच्या कंपनीला शिव्या घालतात.

आमचे मामा याच पंथातले. पांढुर्ण्याजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे, एक जुनी डिझेल गाडी आहे आणि गाडीच्या मागच्या सीटखाली दोन हात लांब लोखंडी पाईप आहे. पाईपला काम एकच. पान्याच्या दांड्यावर चढवायचा आणि देवाचं नाव घेऊन ओढायचं. त्यांच्या हातून कसलेला नट पुढे कोणालाही खोलता आलेला नाही, आणि याचा त्यांना अभिमान आहे.

त्या गाडीचा टर्बो मागे शिट्टी मारू लागला, मग निळा धूर आला आणि शेवटी घाटात दम गेला. पांढुर्णा 2023मध्ये जिल्हा झाला, कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, पण टर्बोची कोअर, म्हणजे आतला गाभा, आणि पॅकिंग अजून नागपूरहूनच मागवावं लागतं. 1956मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, हे गाडीच्या सामानाला कोणी कळवलेलं दिसत नाही. सामान यायला वेळ होता, म्हणून मला गॅरेजमध्ये बसून टर्बो नीट बघता आला.

वस्तू दोन्ही तळहातांत मावेल एवढी. एका बाजूने इंजिनाचा जळका धूर येतो आणि चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जो धूर फुकट जायचा त्यालाच कामाला लावायची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरची, पेटंट 1905चं. पुढे 1918मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं आणि विरळ हवेतही टर्बोमुळे ताकद टिकते हे दाखवलं. आमच्याकडे पाइक्स पीक नाही. सौंसरहून छिंदवाड्याला जाताना सिल्लेवानीचा घाट आहे. तिथे हवा काही विरळ नसते, पण मागे संत्री भरलेली असतात आणि पुढे ट्रक असतो.

इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेतं तेव्हा टर्बोचा दांडा दीड-दोन लाख घेतो. एका अंगाला सातशे-आठशे अंशांचा धूर, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा आणि मधे तेलाचा पातळ थर. हा सगळा संसार जोडून ठेवणारे बोल्ट मात्र करंगळीएवढे. मामांचा पाईप इथेच आडवा येतो.

मिस्त्री तरुण होता. त्याच्याकडे टॉर्क रेंच होती, आणि ती तो तिच्या पेटीतच ठेवायचा, काम झालं की आकडा खाली उतरवून. मामांनी तिच्याकडे जावयाकडे बघावं तसं पाहिलं.

“हे काय सांगते?”

“किती कसलं ते सांगते, काकाजी. याले पंचवीस न्यूटन-मीटर.”

न्यूटनबद्दल मामांचं मत बरं नाही. दंतकथेप्रमाणे त्या गृहस्थाने एक सफरचंद पडताना पाहिलं आणि जगभर नाव केलं. मामा दरवर्षी फळगळीत हजारो संत्री पडताना बघतात आणि त्यांच्या हाती फक्त औषधाचं बिल येतं.

पंचवीस न्यूटन-मीटर म्हणजे वीतभराहून थोडा मोठा, पंचवीस सेंटीमीटरचा पाना धरून टोकाला दहा किलोचा जोर. आठ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला एवढं पुरतं. एवढ्याने तो करंगळीएवढा बोल्ट दोन भागांना सुमारे दीड टनाने आवळून धरतो. हे ऐकून मीच मिस्त्रीकडे दोनदा पाहिलं. त्यातली गंमत अशी की आपण लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा आवळण्याच्या कामी येतो. निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखाली घासण्यात जातो, उरलेला बहुतेक आट्यांत. म्हणून मिस्त्री अर्धा तास नुसते आटे ब्रशने घासत बसला होता. मामांना वाटलं, पोरगा वेळ काढतोय.

“थोडं तेल सोड ना, सपकन जाईल.”

“म्हणूनच सोडत नाई, काकाजी. पुस्तकात कोरडं लिवलं हाय.”

पोराचं बरोबर होतं. आट्यांना तेल लावलं की घासणं कमी होतं, आणि त्याच पंचवीसच्या आकड्यावर बोल्ट दीडऐवजी दोन टनांनी ताणला जातो. रेंचवर आकडा तोच, आत बोल्ट मात्र सोसण्याच्या कडेवर. बोल्ट ताणला जातो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. कसताना तो केसभर लांब होतो, परत आखूड व्हायला बघतो आणि त्या ओढीनेच दोन भाग जवळ राहतात. मर्यादेपलीकडे ओढला की तो लांबलेलाच राहतो, ओढ सरते. मग तो तुटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे तुटण्याच्या बेतात येऊन थांबतो आणि सिल्लेवानीच्या चढावर निर्णय घेतो. फार घट्ट केलेला बोल्ट सैल निघतो तो असा. मामांच्या पाईपने पान्याची लांबी जितक्या पटीने वाढते, त्याच ओढीला जोरही तितक्याच पटीने वाढतो.

मामांना हे मी त्यांच्याच बागेच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. संत्र्याची पेटी भरताना मजूर फळं दाबून बसवतो, पण रस निघेपर्यंत दाबत नाही. सैल भरली तर दिल्लीपर्यंत फळं एकमेकांवर आपटत जातात, गच्च भरली तर तळची फुटतात. मामा म्हणाले, “पेटी भरणारा माझा माणूस वीस वर्षांचा जुना हाय. त्याच्या हातात माप हाय.” यावर मला उत्तर नव्हतं. हातात माप बसतं, हे खरंच आहे. फक्त ते ज्या हातात बसतं तो माणूस सहसा पाईप बाळगत नाही.

टर्बोच्या आतलं काम तर आणखी नाजूक. हवेच्या चाकाचा नट काही टर्बोंत उलट्या आट्यांचा असतो. फिरणाऱ्या दांड्याने तो आपोआप सुटू नये यासाठी ही सोय. सरळ समजून त्याला पाईप लावणाऱ्याचं काय होतं ते विचारू नये. तो नट लांब दांड्याच्या पान्याने एका बाजूला ओढायचा नाही, टी-आकाराच्या पान्याने दोन्ही हातांनी सारखा फिरवायचा. एका बाजूने ओढलं तर बारीक दांडा केसभर वाकतो, आणि दोन लाख फेऱ्यांत तो केस भारी पडतो. आमची कोअर तयार आली होती, तेव्हा यातून मिस्त्री सुटला. तेलाच्या पाईपला मात्र त्याने तांब्याची नवी वायसरं घातली. जुनी चांगली दिसतायत, असं मामांचं म्हणणं पडलं.

एक सांगायला हवं. हाच मिस्त्री पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद करून गोटमारीला, म्हणजे दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीवर असतो. पळसाचा झेंडा मधे, पलीकडे सावरगाव, आणि तिथे न्यूटन-मीटरचं नाव काढायची सोय नाही. माणसाला वर्षातून एक दिवस माप नसलेला लागत असावा.

इंजिनाच्या धुराच्या नळीवर, म्हणजे मॅनिफोल्डवर, टर्बो चढला. तीन नट. आधी बोटांनी लावले, मग तिन्ही थोडे थोडे, आलटून पालटून दोन फेऱ्यांत, आणि शेवटच्या फेरीत रेंच. टक्. टक्. टक्. प्रत्येक टक् ला मामांच्या चेहऱ्यावर अतृप्ती वाढत गेली. एवढ्यावर थांबायचं? आवाजही कसला, पेन्सिलीचं टोक मोडल्यासारखा!

मिस्त्री तेलाचा डबा आणायला आत गेला. टर्बोत आधी तेल भरायचं, इंजिन नुसतं घुमवून तेल चढवायचं, मगच सुरू करायचं, असा त्याचा बेत होता. तो परतला तेव्हा मामा बॉनेटवर वाकलेले होते आणि पाईप सीटखाली नव्हता.

“फक्त हालते का पाहिलं,” मामा म्हणाले.

मिस्त्रीने तेलाचा डबा खाली ठेवला. तिन्ही नट सोडले. मधला नट ज्यावर बसतो तो स्टड काढला, त्याचे आटे उजेडाकडे धरून बघितले, तो बाजूला टाकला आणि मोबाईलवरून नागपूरला नवा स्टड सांगितला. मग गल्ल्यातून दहाची नोट काढून माझ्या हातात दिली.

“भाऊ, काकाजीले चा पाजून आणा. बस स्टँडवरचा. चालत जा, चालत या.”