श्रीमती क्लेब्सिएलाबाई न्यूमोनिए यांस अनावृत पत्र

मुक्काम : अतिदक्षता विभाग



हातकणंगलेकरांनी बाईंचा जाहीर सत्कार करण्याचे योजिले आहे. शाल, श्रीफळ आणि हुपरीच्या चांदीचे पदक असा बेत आहे. चांदी जिवाणूंना मानवत नाही, हा निव्वळ योगायोग समजावा.

सत्कारमूर्तींचा परिचय थोडक्यात. बाई जातीने जिवाणू. अनेकांच्या आतड्यात राहतात आणि तिथे सभ्यपणे वागतात. पेशंट अॅडमिट झाला, लघवीची नळी, सलाईनची सुई, व्हेंटिलेटर अशी दारे उघडली, की त्या रक्तात नाहीतर फुप्फुसात शिरतात. पुढे मेरोपेनेमसारख्या राखीव औषधाची मोडतोड करणारे एन्झाइमही त्यांच्या हाती लागले. दिल्लीत उपचार घेतलेल्या एका पेशंटच्या नमुन्यात ते 2008 साली स्वीडनमध्ये सापडले. नाव पडले एनडीएम-1, त्यातले ‘एनडी’ म्हणजे नवी दिल्ली. 2010 मध्ये देशात गदारोळ झाला, तो या नावावरून! त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांचा अहवाल आला होता : मेरोपेनेम ज्यात मोडते त्या कार्बापेनेम गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या 24 नमुन्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1.

बाई दानशूरही आहेत. एन्झाइमची कृती प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या कड्यावर लिहिलेली असते. हळदीकुंकवाला वाण द्यावे तशी त्याची नक्कल त्या शेजारच्या ई. कोलाय जिवाणूला देऊन टाकतात.

आता आभारप्रदर्शन.

पहिला मान मेडिकलच्या काउंटरचा. ‘ताप हाय, जरा स्ट्राँग द्या’ म्हटले, की कात्री लाल रेघेच्या स्ट्रिपवरून कचकन फिरते. तीन गोळ्या कागदी पुडीत पडतात. औषधाचे नाव आणि मुदत उरलेल्या तुकड्यावर राहतात. दुसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि तिसरी गोळी फ्रीजवरच्या डब्यात जाते, पुढच्या तापासाठी. तो ताप बहुधा व्हायरसचा होता, त्याला ही गोळी लागतच नाही. आतड्यातले गरीब जिवाणू तेवढे मेले आणि दांडग्यांना जागा मोकळी झाली. खरे तर अशा अनेक अँटिबायोटिकांच्या विक्रीची नोंद डॉक्टर व पेशंटच्या नावासह ठेवावी, असा एच-1 नियम 2014 पासून आहे.

दुसरा मान कोंबड्यांच्या खाद्याचा. कोलिस्टिन हे डॉक्टरांच्या भात्यातल्या शेवटच्या काही बाणांपैकी एक, किडनीला जड जाणारे. पक्षी लवकर भरावेत म्हणून तेच खाद्यातून दिले जाई, आणि जिवाणूंना त्याचा सराव होई. 2019 मध्ये केंद्राने या वापरावर बंदी घातली.

तिसरा मान भावकीचा. पेशंट कोल्हापूरला नाहीतर मिरजेला हलवला, की मागोमाग जीप भरून माणसे निघतात. शेजारच्या कॉटला टेकलेला हात तसाच पेशंटच्या कपाळावर फिरतो. बाईंना वेगळे वाहन करावे लागत नाही.

सत्काराला यायचे तर दारात हातावर सॅनिटायझर घेऊन सावकाश, बोटांच्या बेचक्यांतही चोळावे लागेल. एनडीएम-1 ची पदवी अल्कोहोलपुढे चालत नाही, याची चौकशी संयोजकांनी आधीच केली आहे.

कळावे, लोभ नसावा, ही विनंती.

समस्त हातकणंगलेकर