बॉनेटभोवतीचे नाना

शिंद्यांनी १८१० साली राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला हलवली, पण त्यांच्याबरोबर आलेली मराठी घरं उज्जैनलाच राहिली. त्या घरांतली मुलं आता पुण्या-बंगळूरला असतात आणि वडिलांची गाडी तिथल्या फ्रीगंज भागातल्या अंगणात कव्हर पांघरून उभी असते. दिवाळीला मुलगा येतो, महाकालाच्या दर्शनाला निघायचं म्हणून किल्ली फिरवतो. गाडी फक्त ‘टक्’ म्हणते. हे ‘टक्’ पलीकडच्या गल्लीत चहा पीत बसलेल्या नानांना बरोबर ऐकू येतं. घरातली हाक मात्र त्यांना कधी ऐकू येत नाही.

लेंगा-बंडीतले नाना हात मागे बांधून येतात. शेवटपर्यंत ते हात मागेच राहतात; काळं व्हायला इतरांचे हात असतात.

“किती महिने उभी होती?”

“सहा.”

नाना असे काही चुकचुकतात, की मालकाला आपण गाडी नव्हे, आई-वडील वाऱ्यावर सोडल्यासारखं वाटतं.

“सेल्फ मार. बास! पुन्हा मार. अरे, बास म्हटलं ना!” बॅटरीत उरलासुरला जीव होता, तो या तपासणीत जातो.

मग निदान. ते ठरलेलंच असतं: कार्ब्युरेटर तुंबलाय. कारण फार वर्षांपूर्वी देवासच्या रस्त्यावर नानांची फियाट बंद पडली होती आणि त्यांनी जेट काढून, तोंडाने फुंकून ती सुरू केली होती. नानांच्या आयुष्यातली ही एकमेव लढाई, आणि ती त्यांनी जिंकलेली आहे. शास्त्र खोटं नाही. उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट राळ राहते आणि सुईएवढं भोक बुजतं. अडचण इतकीच, की समोरच्या गाडीला कार्ब्युरेटरच नाही.

“नाना, ही इंजेक्शनवाली आहे.”

“म्हणूनच तर!” नाना म्हणतात.

एव्हाना गर्दी जमलेली असते. कुणी म्हणतं उंदरांनी वायर कुरतडली, कुणी म्हणतं टाकीत पाणी गेलं. धक्का मारायचा ठराव एकमताने पास होतो. गाडी चौकापर्यंत जाते आणि तिथून ढकलतच परत येते. बॅटरी पार झोपली की पेट्रोलचा पंपही चालत नाही, मग धक्क्याने इंजिन पेटणार कुठून?

शेवटी आगर नाक्याकडून मेकॅनिकचा पोऱ्या येतो. तो इतिहास विचारत नाही. ‘टक्’ करून सेल्फ फिरलाच नाही, तर आधी बॅटरी आणि टर्मिनल. सेल्फ फिरूनही इंजिन धरलं नाही, तर पेट्रोल किंवा करंट. एवढंच त्याचं शास्त्र. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी साचलेली असते. ती तो गरम पाण्याने धुतो, पॉलिश पेपरने घासतो. मीटर लावतो: भरल्या बॅटरीने १२.६ व्होल्ट दाखवायला हवेत, ही ११वर रेंगाळतेय. दुसऱ्या गाडीच्या प्लसवरून प्लसला वायर जोडतो. मायनसची वायर इंजिनच्या उघड्या लोखंडाला. “मारो, भिया!” आणि गाडी घुरघुरते.

पोऱ्या सगळ्यांत स्वस्त कारणापासून सुरुवात करतो, नाना सगळ्यांत आवडत्या कारणापासून. तरी बॉनेटभोवती जमलेल्यांना विचाराल, तर ते नानांच्याच बाजूने मत देतील. पोऱ्याने नुसती गाडी सुरू केली. नानांनी सकाळ साजरी केली.

गाडी सुरू होते तशी गर्दी पांगते आणि नानांचा चेहरा उतरतो. पण क्षणभरच.

“लगेच बंद करू नकोस. अर्धा-पाऊण तास चालव, बॅटरी चार्ज होऊ दे,” ते बजावतात. सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला अचूक सल्ला. “आणि वाटेत बंद पडली तर? थांब, मीच येतो.”

सूनबाई मुकाट्याने मागे सरकतात. पुढची सीट ही नानांची फी असते.