मासे यांचे, पाणी तिचे

सिमेंट कारखान्याच्या जामुलपासून पोलादी भिलाईच्या सेक्टरांपर्यंत मराठी घरात काचेची टाकी दिसली, की तिचा मालक कोण, हे विचारावे लागत नाही. तो सोफ्यावरून स्वतःच सांगतो: गप्पी केवढ्याला, फिल्टर कोणता, दिवा किती वॉटचा. दर आठवड्याला थोडे पाणी बदलायचे, नळाचे पाणी क्लोरीन उडावे म्हणून आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवायचे, काचेवरचे शेवाळ खरवडायचे, ही कामे छंदात मोडत नाहीत. ती घरकामात मोडतात. म्हणून ती कोण करते, हेही विचारावे लागत नाही. मग ‘बायकांना या छंदाची आवड कमी’ असा निष्कर्ष निघतो.

इतिहास मात्र आगाऊ आहे. 1832 च्या सुमारास सिसिलीत काचेच्या टाक्या बनवून समुद्री जीवांचा अभ्यास करणारी जान विलप्रो-पॉवर ही बाईच होती. 1846 नंतर लंडनमध्ये अॅना थिन यांनी घरात प्रवाळ जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते वरून ओतत राहण्याचे काम मोलकरणीकडे होते. छंदाच्या इतिहासात तिचे नावसुद्धा नाही.

क्लाउनफिश याबाबत सरळ आहेत. त्यांच्यात मादी गेली, की तिचा नर स्वतःच मादी होतो आणि कारभार सांभाळतो. आपल्याकडे एवढी अपेक्षा नाही. टाकी कोणाची, हे विचारणे थांबवा. गेल्या रविवारी पाणी कोणी बदलले, तेवढे विचारा.