डोळ्यांत थेंब घालण्याची सोपी रीत

डोळे आले की आधी आरशात बघावे. लाल आहेत? झाले निदान. नेत्रतज्ज्ञ उगाच यंत्राला हनुवटी टेकवायला लावून वेळ घालवतात.

मग फ्रिजचे दार उघडावे. सॉसच्या पुड्यांमागे गेल्या पावसाळ्यातली बाटली असतेच. तोंडाशी पांढरी खपली धरली असल्यास नखाने खरवडावी. उघडलेली बाटली महिनाभरात फेकायची असते म्हणे. पण निम्मे औषध शिल्लक असताना फेकवते कुणाला?

बाटली नसेल तर मेडिकलमध्ये जाऊन ‘डोळ्याचं द्या, जरा स्ट्राँग’ एवढे म्हणावे. चिठ्ठी लागते ती कायद्यात, काउंटरवर नव्हे. मिळेल त्यात टोब्रामायसिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारखे प्रतिजैविक असेल आणि जोडीला डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड. खरा जादूगार हाच. जंतू मरोत न मरोत, लाली आणि सूज हा उतरवतो, आपण खूश.

बाटलीचे टोक पापणीला नीट टेकवावे, म्हणजे डोळ्यातले जंतू बाटलीत जातात. नंतर तीच बाटली घरभर फिरवावी. थेंब एकदम तीन घालावेत. डोळ्यात एकही पुरता मावत नाही, बाकीचे गालाला लाभतात.

साथीत डोळे येतात ते बहुधा विषाणूमुळे. २०२३ च्या जुलैत आळंदीत अशीच मोठी साथ होती. विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही, पण असे डोळे बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपले आपण निवळतात. श्रेय मात्र थेंबांना द्यावे.

उसाचे पाते लागून डोळा लाल झाला असेल तर हे थेंब हमखास घालावेत. दोन दिवस बरे वाटेल. तेवढ्यात बुरशी बुबुळात हातपाय पसरेल, कारण तिला अडवणारी शरीराची फौज स्टेरॉइडने झोपवलेली असते. नागिणीच्या जातीच्या विषाणूंनाही हा पाहुणचार मानवतो.

दर उन्हाळ्यात पोराचे डोळे खाजतात, मग आई डॉक्टरांना न विचारता तीच बाटली महिनोन्‌महिने चालू ठेवते. पोर खाजवायचे थांबते. डोळ्यातला दाब मात्र वाढत जातो, आणि तो बहुधा दुखत नाही.

आता थट्टा पुरे. डॉक्टरांनी तपासून स्टेरॉइड दिले असेल तर घ्या, मनाने थांबवू नका, दाब तपासायला बोलावतील तेव्हा जा. आणि फ्रिजमधली ती बाटली आजच फेका. वाढत्या दाबातून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.