मजुरी शून्य

वादळाची बातमी आली की ह्यूस्टनमधली मराठी मंडळी पाण्याच्या बाटल्या आणायला धावतात. त्यांतले दुरुस्तीकाका मात्र गराजमधली पान्यांची पेटी पुसून ठेवतात. वय साठीच्या आतबाहेर, शिक्षण मेकॅनिकल, नोकरी तेल कंपनीत, आणि खरं विद्यापीठ पुण्याची बोहरी आळी.

८ जुलै २०२४ ला ‘बेरिल’ चक्रीवादळ माटागोर्डाजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. काकांचा परसातला गॅस ग्रिल कुंपणावर आपटून फुलझाडांच्या वाफ्यात उताणा पडला. झाकण वाकडं, बिजागरीची पिन बेपत्ता, एक चाक शेजाऱ्याच्या हद्दीत. “पुष्कळ वर्षं वांगी भाजली त्याच्यावर. आता नवा घेऊ या,” काकू म्हणाल्या. काका तोवर चिखलात गुडघे टेकून बसलेही होते.

दुरुस्ती की नवा, हा प्रश्न काकांना पडतच नाही. पण तसं उघड बोललं की हट्टीपणा दिसतो, म्हणून हिशेब मांडायचा. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा घ्यावा, हा आडाखा त्यांना तत्त्वतः मान्य आहे. बर्नरच्या नळ्या, त्यांच्यावरचे पत्रे, इग्नायटर, सगळं कागदावर उतरतं. बेरीज निम्म्याच्या जवळ आली की एकेक भाग ‘हे तसंही बदलायचंच होतं’ या सदरात सरकतो. तळाची ओळ ठरलेली : मजुरी शून्य. तिकडे कारागीर नुसता दारात उभा राहण्याचे पैसे घेतो, त्यामुळे ही ओळ लिहिताना काकांना कमाई केल्यासारखं वाटतं.

“इन्शुरन्सकडे मागा ना,” पलीकडच्या घरातला नवखा मुलगा म्हणाला. काका खुलले. टेक्सासच्या किनारी भागात वाऱ्याने झालेल्या नुकसानीचं डिडक्टिबल बहुधा घराच्या विम्याच्या रकमेवर टक्क्यांनी ठरतं. “चार लाखांचं घर, दोन टक्के. म्हणजे पहिले आठ हजार डॉलर आपल्याच खिशातले. पाचशेचा एक धरला तर असे सोळा ग्रिल उडू देत, मग कंपनी सतराव्याचा विचार करेल.”

काकूंच्या समाधानासाठी नवा ग्रिल बघायला मात्र ते जातात. जाताना फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती खिशात. दुकानात रांगेने मांडलेल्या चकचकीत ग्रिलना तो एकेक करून लावून बघायचा. गणपती चिकटला की काका मान हलवतात : “चारशे तीस!” ३०४ जातीच्या स्टेनलेसमध्ये निकेल असतं, ते सहसा चुंबकाला चिकटत नाही आणि गंजाला जास्त टिकतं. ४३० स्वस्त, ते चिकटतं. विक्रेता जवळ येईपर्यंत गणपती चार झाकणांवर विराजमान होऊन आलेला असतो. काकूंनी हळूच विचारलं, “आपल्या जुन्याला लावून बघितला का?” त्यावर काकांना पार्किंगमधली गाडी आठवली.

मग खरा सोहळा. ग्रिल जुन्या चादरीवर सुटा होतो. नळीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं निघतं आणि काका ते सगळ्या घराला बोलावून दाखवतात. ज्योत पिवळी का यायची, याचं उत्तर सापडलेलं असतं. गॅसची वाट अडली की आग भलतीकडूनही निघू शकते, हे ते बजावतात आणि जाळं काड्यापेटीत जपून ठेवतात. कशासाठी, ते विचारू नये. पिनेच्या जागी सायकलचा बोल्ट बसतो, चाक बाबागाडीचं लागतं, आणि काकूंच्या भांड्यांच्या साबणाचा फेस प्रत्येक जोडावर फासून बुडबुडे येतात का ते पाहिलं जातं. सगळं पास.

एकच गोष्ट नापास, आणि तीच काकांना पटत नाही. रेग्युलेटर दिवसभर साचलेल्या पाण्यात होता. “उन्हात वाळवला की झालं.” नाही होत. त्याच्या पडद्यामागच्या बारीक भोकात चिखल बसला किंवा आत गंज धरला की दाब आवरत नाही, आणि साबणाच्या बुडबुड्यांत हे दिसेलच असं नाही.

तेव्हा तुमच्या घरात असे काका असतील तर बोल्ट, चाक, जाळं, सगळं त्यांचं त्यांना करू द्या. पाण्यात बुडालेला रेग्युलेटर मात्र ते झोपल्यावर कचऱ्यात टाका, आणि कचऱ्याची गाडी जाईपर्यंत त्यांना सांगू नका.