क्रूझवाले सर

दारव्हा रोडवरच्या कोणत्याही कॉलनीत संध्याकाळी सहाच्या सुमारास फाटकांबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या पडतात. त्यांतली जरा मध्यभागी असलेली खुर्ची क्रूझवाल्या सरांची. पूर्वी ती चारधामवाल्यांची असायची. मग काही वर्षं सिंगापूर-मलेशियावाल्यांनी बळकावली. आता सरांची पाळी आहे. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, काकू स्वयंपाकघरातून अजून व्हायच्या आहेत. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंचावरच्या यवतमाळात बसून सर ‘डेक’, ‘पोर्ट’, ‘केबिन’ हे शब्द इतक्या सहज टाकतात, की परगावच्या पाहुण्याला वाटावं, बेंबळा धरणावर यांची गोदी आहे.

सरांना लोक चिकट म्हणतात ते मला पटत नाही. चिकट माणूस खर्चच करत नाही. सर करतात, पण केलेला खर्च शेवटच्या पैशापर्यंत अंगी लावून घेतात. हिमालय पाहून गहिवरणारी माणसं असतात. सर सवलत पाहून गहिवरतात.

त्यामुळे सहलीची तारीख समुद्राच्या भरती-ओहोटीनं ठरली नाही, एस.टी. महामंडळानं ठरवली. मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धं तिकीट झालं, म्हणजे काकूंचा प्रश्न सुटला. सरांना मात्र अर्ध्या तिकिटासाठी पासष्ट पूर्ण व्हायला हवे होते आणि चार महिने कमी पडत होते. मुलगी पुण्याहून म्हणाली, “बाबा, जाऊन या ना आत्ताच.” सर म्हणाले, “समुद्र कुठे पळून चालला? पासष्ट होऊ दे.” ज्येष्ठांची रेल्वेतली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच. या एका विषयावर सर सहापासून साडेसातपर्यंत बोलू शकतात, चहा आला तर आठपर्यंत.

आता बंदर गाठायचं तर आधी रेल्वे गाठावी लागते, आणि यवतमाळला रेल्वेचं नाव काढलं की म्हातारी माणसं शकुंतलेच्या आठवणीत शिरतात. मूर्तिजापूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, इंग्रजी कंपनीच्या मालकीची. ती थांबली. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम इतकी वर्षं चाललंय, की त्याच्या बातम्यांची कात्रणं ठेवणारे लोकही निवृत्त झाले. तेव्हा अर्ध्या तिकिटात धामणगाव, आणि तिथून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई. एस.टी.त वाचलेल्या पैशांचा दोघांनी धामणगाव स्टेशनवर चहा घेतला. “फुकटचा आहे, सावकाश पी,” असं सर काकूंना म्हणाल्याचं काकूच सांगतात.

तिकीट काढण्याचा काळ हा सरांच्या मते सहलीचा सर्वोत्तम भाग होता. एजंटवर विश्वास नाही. जावयाला फोनवर बसवून महिनाभर अभ्यास चालला. जाहिरातीतला दर दरमाणशी असतो आणि खोलीत दोघं धरलेली असतात, त्यावर बंदर-शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटी वेगळा, हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. शनिवार-रविवार महाग, आठवड्याच्या मधल्या दिवशी स्वस्त. बाल्कनीची खोली सर्वांत वर, मग समुद्राकडची खिडकी, आणि सगळ्यांत स्वस्त ती आतली, बिनखिडकीची. सरांनी आतली घेतली. “झोपल्यावर खिडकी काय कामाची? आणि जागेपणी आपण खोलीत बसणार काहून?” या युक्तिवादाला काकूंकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षांत सरांच्या कोणत्याच युक्तिवादाला नव्हतं. त्या गप्प राहतात आणि मग करायचं ते करतात.

जहाजाचं नाव एम्प्रेस. सप्टेंबर २०२१ पासून ते मुंबईहून सुटू लागलं. पण सरांनी त्याची जन्मतारीखही काढली: १९९०, नाव नॉर्डिक एम्प्रेस. मधल्या काळात मालक बदलले, नावं बदलली, परदेशात इकडून तिकडे बदल्या झाल्या. “म्हणजे हे आपल्याच केडरचं,” सर खूश झाले. “सर्व्हिस पूर्ण, सध्या एक्स्टेन्शनवर.”

“काहो, मग बुडणार तर नाही ना?”

“अवं, तीस वर्षं बुडलं नाही, ते तू बसल्यावरच काहून बुडीन?”

कोकणातल्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. त्याचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जायचे, वाटेत ओकायचे आणि त्याचं कोणी कौतुक करायचं नाही. २०१८ साली आंग्रिया नावाची मुंबई-गोवा बोट सुरू झाली तेव्हाही तिकडच्या जुन्या लोकांनी उसासेच टाकले म्हणे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वर्धा आणि पैनगंगा. पुराच्या वेळी डोंगा, तोही नाइलाज म्हणून. पाण्यावर मौज करायला जायचं ही कल्पनाच वऱ्हाडी माणसाला जरा संशयास्पद वाटते.

बॅलार्ड पियरच्या टर्मिनलवर पहिला पेच आला. जहाजावर बाहेरचं खाणं नेता येत नाही. काकूंच्या पिशवीत ज्वारीच्या भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि डिंकाचे लाडू. शिवाय “असू द्या, लागलं तर” म्हणून घेतलेलं दोन किलो तिखटमीठ वगैरे. हे सगळं टाकून द्यायचं? काकूंनी सरांकडे पाहिलं. सरांनी रांगेकडे पाहिलं. मग दोघं परत येऊन बाकावर बसली, रुमाल पसरला आणि भाकरी मोडायला घेतली. शेजारच्या गुजराती कुटुंबाला आग्रह झाला. त्यांच्या मोठ्या सुनेनं हिरवी चटणी समजून ठेचा बोटभर घेतला. पुढची दहा मिनिटं ते अख्खं कुटुंब तिला पाणी, साखर आणि केळं पुरवत होतं, आणि काकू “मुरलेला आहे जी, आणखी घ्या” म्हणत होत्या. डबे रिकामे झाल्यावरच आमची मंडळी चढली. वही उघडून सरांनी पहिली नोंद केली: नुकसान, शून्य.

चढल्या-चढल्या सुरक्षेची कवायत असते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे संकट. ठरलेल्या जागी जमायचं. ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते, असा जगभरचा नियम आहे. बाकीचे प्रवासी मोबाइलवर फोटो काढत उभे होते. सरांच्या कानात मात्र बत्तीस वर्षांची घंटा घुमली. त्यांनी आपल्या गटाच्या दोन रांगा केल्या, उंचीनुसार. बडबडणाऱ्या एका नवविवाहित जोडप्याला वेगवेगळं उभं केलं. शिकवायला आलेला खलाशी पोरगा “सर, थँक यू सर” म्हणाला, ते खरं की उपहासानं, हे ठरवायला सरांना वेळ नव्हता. ते हजेरी घेत होते.

आणि मग जेवण. इथं जरा थांबायला हवं, कारण तिन्ही वेळचं खाणं भाड्यातच धरलेलं असतं, या वाक्यासाठीच सर समुद्रावर आले होते. वहीत तीन रकाने पडले: पदार्थ, नग, बाहेरचा भाव. बाहेरचा भाव यवतमाळचा नाही, मुंबईच्या चांगल्या हॉटेलचा. “दत्त चौकातल्या भावानं धरलं तर माणूस मरेपर्यंत खाऊन भाडं फिटत नाही,” हे त्यांचं स्पष्टीकरण. पोळी आणि भात घ्यायचा नाही, त्यानं पोट भरतं आणि रकाना भरत नाही. पनीर नगांच्या हिशेबात. काजू निवडून. सूप म्हणजे पाणी, त्याला हात लावायचा नाही. डोसा मागच्या बाजूला कोपऱ्यात करून देतात, तिथं रांग नसते, हे त्यांनी पहिल्याच रात्री हेरलं. दुसऱ्या दिवशी न्याहारीला त्यांनी जे काही खाल्लं, त्याचं वर्णन मी करत नाही. काकू त्या वेळी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या होत्या. दुपारी चार वाजता सरांनी बेरीज मारली, चष्मा काढला आणि समाधानानं म्हणाले, “भाडं फिटलं. आता फक्त जीएसटी राहिला.”

त्या जीएसटीनं घात केला. रात्रीच्या गुलाबजामांत त्यांनी तो वसूल केला आणि साडेबाराला बिनखिडकीच्या काळोखात उठून बसले. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे पैसे वेगळे. काकूंनी ओवा आणि काळं मीठ काढलं. ती पुडी टर्मिनलवरून कशी सुटली, हे सरांनी विचारलं नाही.

काकूंची क्रूझ वेगळीच चालली होती. त्यांनी खोलीत शिरताच आधी पलंगाखाली वाकून केर पाहिला. मिळाला नाही, तेव्हा थोड्या नाराज झाल्या. संध्याकाळी खोलीवाल्या पोरानं टॉवेलची घडी घालून हत्ती करून ठेवला होता, सोंड वर, डोळ्यांच्या जागी काळे कागदी टिकले. काकूंनी त्याला उशीवर बसवलं. थोड्या वेळानं न्हाणीघरातून सरांचा आवाज.

“टॉवेल दे.”

“टॉवेल नाही.”

“तो काय पलंगावर?”

“तो हत्ती आहे. मोडायचा नाही. पंचा घ्या.”

दुसऱ्या दिवशी पोरानं हंस केला. तिसऱ्या दिवशी माकड, ते त्यानं हँगरला टांगलं. दोघांनी सगळा प्रवास एका पंच्यावर काढला आणि हत्तीजवळ बसून मुलीला व्हिडिओ कॉल करायचा काकूंचा बेत मात्र फसला, कारण किनाऱ्यापासून जहाज दूर गेलं की मोबाइलची रेंज जाते आणि जहाजावरच्या वायफायचे पैसे, पुन्हा, वेगळे.

गोव्याला जहाज मुरगाव बंदराला लागलं. बहुतेक सगळे उतरले. खाली टॅक्सी, जेवण, चर्च दाखवणारा गाइड, सगळंच पॅकेजबाहेर. सर कठड्यावरून म्हणाले, “हा गोवा. पाहिला. चल.” रिकाम्या जहाजावर जवळजवळ दोघंच, आणि तो पोहण्याचा तलाव. पोशाखाच्या नियमामुळे काकू काठावर पाय सोडून बसल्या. सरांनी जीवरक्षकाला तलावात किती लिटर पाणी मावतं हे विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. मग पावलांनी लांबी-रुंदी मोजली, खोलीचा आकडा भिंतीवर लिहिलेला होताच. यवतमाळला पाणी पुरवणारी निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली होती त्या २०१८ च्या उन्हाळ्यात नळ कित्येक दिवसांआड यायचा; पिंप, घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचो आम्ही. “आपल्या गल्लीचे किती दिवस निघाले असते?” काकूंनी विचारलं. सर आकडेमोड करत असतानाच एका पोरानं धावत येऊन उडी मारली आणि लाट काठाबाहेर गेली.

“सांडू नको रे बाळा!” काकू ओरडल्या. कठड्यापलीकडे अरबी समुद्र होता.

आता सर खुर्चीवरून लक्षद्वीपचं बोलतात. तिकडलं पाणी जास्त कोमट, जास्त निळं आणि भाडं जास्त, त्यामुळे घाई नाही. पंचाहत्तरीनंतर एस.टी. पूर्ण फुकट आहे. तोवर जहाजानं एक्स्टेन्शन घ्यावं, एवढीच त्यांची अपेक्षा. परवा बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले एक गृहस्थ खुर्ची ओढून बसले. बाल्कनीची खोली घ्यावी म्हणतो, म्हणाले. सरांनी त्यांना बंदर-शुल्कापासून गुलाबजामापर्यंत सगळं समजावलं. गृहस्थांनी शेवटी भीत भीत विचारलं, “आणि सर, समुद्र कसा वाटला?”

सर क्षणभर गोंधळले. वहीत तो रकाना नव्हता.

“समुद्र काय,” ते म्हणाले, “तो तर पॅकेजमध्येच होता.”

फाटकाच्या आतून, भाजी निवडता निवडता, काकू म्हणाल्या, “त्याचे वेगळे पैसे असते ना जी, तर यायनं डोळे मिटून घेतले असते.”